गळलेली पॅकेटं : शून्य

सोमवार, ४ मार्च
रुग्णवाहिका बोलावायच्या कक्षातून पुन्हा तक्रार. फोनवर आवाज तुटतो, पत्ता अर्धाच ऐकू येतो. सगळ्यांनी हात वर केले. आवाज जातो डेटाच्या छोट्या छोट्या पॅकेटांतून, पॅकेटं येतात नेटवर्क कार्डात, आणि कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, माझ्याकडे. म्हणून गळलेल्या पॅकेटांचा आकडा पाहिला. शून्य! तसं कळवून टाकलं. डोक्याचा ताप गेला.

मंगळवार, ५ मार्च
कार्ड नाही तर मग स्विच — साहेबांचा सरळ हिशेब. पॅकेटं ज्या-त्या मशीनकडे पाठवणारा हा स्विच वहिनींकडे. दादाची बायको, पण ऑफिसात मी त्यांना मॅडम म्हणतो. "माझ्याकडून सगळी पॅकेटं पुढे जातायत," त्या बैठकीत म्हणाल्या. साहेब — "मग काय, वाटेत उंदीर खातात?" सगळे हसले. मीही, थोडासा. शुक्रवारपर्यंत दोष सापडला नाही तर वहिनींचं कंत्राट संपवणार.

घरी जेवताना त्यांनी विचारलं, "भाऊजी, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, "आकडा शून्य आहे." दादाने उगाचच पाण्याचा जग माझ्याकडे सरकवला.

बुधवार, ६ मार्च
वहिनींनी डबा दिला. रोजच्यासारखाच. झाकण मात्र फार घट्ट लावलेलं.

गुरुवार, ७ मार्च
सहज म्हणून टेबलावरच्या मशीनवर पॅकेटांचा मारा केला. सहज कसलं — दोन दिवस घास उतरत नव्हता! मारा थांबवून पाहिलं. शून्य. पुन्हा केला, या वेळी पडद्यावरून नजर हलवली नाही. आकडा टुणकन वर गेला आणि लगेच शून्यावर! एकूण गळती कमी कशी होईल? सांडलेलं दूध परत पातेल्यात जातं का?

कार्डाची माहितीपुस्तिका काढली. कार्डात पॅकेटं ठेवायला खण मोजके. मशीनने ती वेळेत उचलली नाहीत की कार्ड नवी आलेली टाकून देतं आणि आकडा वाढवतं. पण तो आकडा कोणी वाचला की कार्ड स्वतःच तो पुसतं. ड्रायव्हर दर सेकंदाला वाचतो. वाचलेलं त्याने आधीच्या बेरजेत मिळवायला हवं. आमचा ड्रायव्हर बेरीज पुसून तिथे नवा आकडा लिहितो! म्हणजे मी पाहिलेलं शून्य फक्त शेवटच्या सेकंदाचं. ती ओळ माझ्या आधीच्या माणसाने लिहिलेली. डोळे मिटून विश्वास ठेवणारा मात्र मी.

शुक्रवार, ८ मार्च
ओळ बदलली. कक्षातल्या मशीनवर आकडा चढतच गेला. कार्डाचे खण वाढवले — थांबला. आवाज स्वच्छ. साहेबांनी सगळ्यांसमोर वहिनींना सॉरी म्हटलं, कंत्राटही वाढवतो म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

शनिवार, ९ मार्च
वहिनींनी कंत्राट घेतलं नाही. दुसरीकडे जातायत. "आता तर सगळं सिद्ध झालंय ना?" मी म्हटलं.

"मंगळवारी मी तुम्हाला आकडा नव्हता विचारला, भाऊजी."