मानाच्या जागेचा कोड

३ मार्च, सोमवार
आमच्या बिश्केकच्या नकाशा संस्थेत माणसं सतरा, आणि सामायिक फाइलींच्या प्लॅटफॉर्मवर मालकही सतरा. शनिवारी कुणीतरी नकाशातून नारीन प्रांताची कुरणंच पुसून टाकली. ॲटलास शुक्रवारी छापखान्यात जायचाय. संचालक तेमिरकुल म्हणाले, उर्मात, कुणाला काय करता येईल ते तेवढ्यात बसवून दे; विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी आहे. मला खुर्चीचा मोह नाही. (पुन्हा वाचलं. नाहीच.)
हातानं सतरा खुणा करणं अशास्त्रीय. कोड लिहिणार. दोन दिवस पुरे.

४ मार्च
प्लॅटफॉर्मवर मालक, संपादक, वाचक एवढंच. संचालक फक्त वाचतात, म्हणून त्यांना वाचक सुचवलं. म्हणाले, आता मला दाराशी बसवतोस होय रे?
बरोबर आहे. जेवताना मानाची जागा एकच, दारापासून सर्वांत लांबची, आणि तिथल्या ज्येष्ठानं घास घेतल्याशिवाय कुणी ताटाला हात लावत नाही. कोडमध्ये हेच: वयानं सर्वांत मोठा तो मालक, त्याच्या संमतीशिवाय कुणाचा बदल जतन होणार नाही. पक्षपाताला जागा नाही.

५ मार्च, ११ वाजता
चालत नाही. दोष माझा का, हे प्रामाणिकपणे तपासलं. प्लॅटफॉर्मचा आहे.
४ वाजता: माझा होता. किरकोळ.

६ मार्च
कोड लिहिणाऱ्यानं स्वतःकडे सत्ता ठेवावी का? नाही. स्वतःला वाचक केलं. बेर्मेत (२९, हुशार, उतावळी) म्हणाली, दादा, आधी रिकाम्या फोल्डरवर चालवून बघा की. तिला तत्त्व कळत नाही.
पाचला चालवला. कुणाची तक्रार नाही. सगळे घरी गेले होते.

७ मार्च, ९ वाजता
काहीच जतन होत नाही. संचालकांनी संमती दिली तरी नाही. जन्मतारखा मी कर्मचारी यादीतून घेतल्या. संचालक एकसष्ट, चहा करणाऱ्या साइराश आपा बहात्तर. मालक आपा.
१ वाजता: उद्या महिला दिन, म्हणून आज पुरुषांनी पुलाव केलाय. आज बायकांना काम सांगायचं नाही, ही सूचना फळ्यावर माझ्याच अक्षरात आहे. तरी संमतीसाठी आपांपुढे फोन धरला. फळ्याकडे बोट करून म्हणाल्या, वाचता येतं ना तुला? मग बस आणि जेव.
४.३०: आपांनी चष्मा लावला. बेर्मेतला मालक केलं. पोरगी स्वतःचा कप धुते म्हणे. माझ्या नावाशी थांबल्या. म्हणाल्या, वाचक तूच लिहिलंयस ना? शिकलेला माणूस तू, विचार करूनच लिहिलं असशील.
हो म्हणालो. विचार केलाच होता.
५.५०: बेर्मेतनं ॲटलास छापखान्यात पाठवला. संचालकांचं नवं पत्रक प्लॅटफॉर्मवर लागलं आहे: विभागप्रमुख, बेर्मेत. खाली सगळे अभिनंदन लिहीत आहेत.
मला ते वाचता येतं.