तबूकचं अंजीर

अब्बा, तबूकच्या तुमच्या त्या अंजिराच्या झाडावर अम्माचा कधीच विश्वास बसला नाही. मी तोंडाने बोललो नाही, पण माझाही नव्हता. गावची बाकीची माणसं सौदीत जुबैलला नाहीतर रास तनुराला. एका खोलीत पाच-सहाजण, एकाच बसने कामावर, कुणाला ताप आला तरी गावात बातमी पोचायची. तुम्ही तेवढे एकटे, पार उत्तरेला, कुणा अरबाच्या मळ्यावर पंप दुरुस्त करायला. तिथे तुमच्यावर लक्ष ठेवणारं आपलं कुणी नव्हतं. सगळे हिवाळ्यात रजा काढून यायचे, कारण लग्नं तेव्हाच. तुम्ही यायचात मे महिन्यात. का, तर थंडीत झाड बांधून ठेवावं लागतं, उघडं राहिलं तर गोठलेल्या दहिवराने जळतं. झाडाला थंडी वाजते ही गोष्ट आंबा-फणसाच्या गावात कोण ऐकून घेणार? लोक तुमच्या तोंडावर मान हलवायचे आणि पाठ वळली की हसायचे. मग आपाचं, तुमच्या थोरल्या लेकीचं, लग्न जानेवारीत ठरलं, आणि तुम्ही त्यालाही आला नाहीत. चाचांनी तिची पाठवणी केली. त्या दिवसापासून अम्माच्या मनात जी पाल चुकचुकली ती तुम्ही वारल्यावरही थांबली नाही.

तुम्ही कुणाबरोबर तरी सुक्या अंजिरांचा डबा पाठवायचात. अजून डोळ्यांसमोर आहे, तो स्वयंपाकघरात उघडला जातोय, आम्ही भावंडं भोवती बसलोय, आणि अम्मा आधी वास घेते, मग रचना बघते. चपटी केलेली अंजिरं, मध्ये त्याच झाडाची पानं, पुन्हा अंजिरं. तुम्हाला घरी स्वतःचा शर्ट घडी घालता येत नव्हता. "ह्यो पुरुषाचा हात नाय," ती म्हणाली, आणि डबा आमच्याकडे सरकवला. तिने स्वतः एकही कधी तोंडात टाकलं नाही. मे महिन्यात तुम्ही आलात की ती झाडाबद्दल इतकं गोड बोलून विचारायची की मलाच भीती वाटायची. पानं केवढी असतात, पाणी कोण घालतं, तुम्ही इथे आलात की बघतं कोण. तुम्ही सगळ्याची उत्तरं द्यायचात, आणि उत्तरं तयार असायची म्हणूनच तिचा संशय वाढायचा.

इतक्या वर्षांनी मला सौदीची नोकरी मिळाली, इस्पितळात एक्स-रे काढायची. एजंटने जिझान आणि तबूक अशी दोन नावं पुढे ठेवली. जिझानला समुद्र आहे, उकाडा आहे, आपल्यासारखंच. मी तबूक घेतलं. बायकोला सांगितलं, इस्पितळ चांगलं आहे. खरं म्हणजे मी तुमच्या मागावर आलो होतो. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, हातात पडल्यावर पहिल्याच सुट्टीला तुमच्या कफीलचा, तुम्हाला कामावर ठेवणाऱ्या त्या अरबाचा, मळा शोधायला निघालो. तो अजून जिवंत आहे, काठी टेकत चालतो, मोडकं हिंदी बोलतो. तुमचं नाव सांगितल्याबरोबर त्याने मला मिठी मारली, आणि तेव्हाच मला वाटलं, इथे काहीतरी पाणी मुरतंय. मी त्याची अरबी कॉफी, कावा, पिता पिता इकडचं तिकडचं विचारत राहिलो. तुमची खोली कुठली, जेवण कोण करायचं, शेजारी कुणाची कुटुंबं होती. खोलीतसुद्धा जाऊन आलो. एक खाट, एक खिडकी, आणि खिडकीसमोर ते झाड.

मला वाटलं होतं, झाड नसेलच. असलं तरी ते दुसऱ्याच कुणाचं, तुमच्या नावावर खपवलेलं. हिवाळा सुरू झाला होता. खोड जमिनीपासून हातभर वर येऊन आडवं झालेलं, दरवर्षी वाकवून वाकवून तसंच वाढलेलं. फांद्या सुतळीने एकत्र आवळून मातीवर निजवलेल्या, वर गोणपाट, आणि त्यावर झाप. अब्बा, खजुरीच्या झावळ्यांचं झाप. पावसाळ्याआधी आपण पडवीला लावायला नारळाचं विणतो, तसंच. एक पात वर, एक खाली, टोकाला ती आपल्या वाडीतली गाठ. म्हातारा म्हणाला, पहिल्या वर्षी तुम्ही प्लास्टिक गुंडाळलंत, आत पाणी साचून निम्मं झाड कुजलं. मग तुम्ही हे शोधून काढलंत, आणि अंजीर रचायलाही तुम्हीच मळ्यावरच्या सगळ्यांना शिकवलंत. गेल्या वर्षीच्या काडीलाच पहिलं फळ धरतं, ती काडी थंडीत वाचली पाहिजे, एवढाच काय तो तुमचा घोष. मी शेवटी लाज सोडून विचारलंच, इथे कुणी बाई होती का? त्याला आधी समजलं नाही. समजल्यावर तो हसला नाही. म्हणाला, "तेरा बाप इधर किसी से बात नहीं करता था. पेड़ से करता था."

मला केवढा आनंद झाला! बाहेर येऊन तिथूनच अम्माला फोन लावला. कॅमेरा फिरवून झाड दाखवलं, झाप दाखवलं. सांगितलं की बाई नव्हती, कधीच नव्हती, आपण सगळे त्या माणसाशी उगाच वाईट वागलो. ती पडद्यात डोळे घालून झापाची गाठ बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल, तुमची माफी मागेल. ती म्हणाली, "बाई असती तर मी समजले असते. झाडासाठी पोरीच्या लग्नाला नाय आला?" आणि तिने फोन ठेवला.

त्यानंतर ती तुमचं नाव घेत नाही, असं आपा सांगते. इतकी वर्षं तिने त्या नसलेल्या बाईवर राग काढला, आणि त्या रागात तुमच्यासाठी कुठेतरी जागा होती. ती मी काढून घेतली. मला तुमचा राग येतो, अब्बा. चार दिवस कुणाला तरी सांगून यायचं होतं. झाड मेलं असतं तर मेलं असतं. मुळातून पुन्हा फुटतं ते, म्हाताऱ्यानेच मला सांगितलं. तुम्हाला ते माहीत नव्हतं, असं मी मानत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, आणि अम्माच्या हाती तर मुळीच पडता कामा नये. गेल्या हिवाळ्यापर्यंत म्हातारा स्वतः झाड बांधायचा, या वर्षी त्याला खाली वाकवत नाही. मळ्यावरची नवी माणसं सुतळी इतकी आवळतात की साल सोलून निघते. डिसेंबरात माझ्या मेहुणीचं लग्न आहे आणि माझी रजा मंजूर झाली होती. मी घरी सांगितलं, मिळाली नाही. बायकोने अगदी गोड आवाजात विचारलं की तिकडे माझं जेवण कोण करतं.