उपासाला चालणारी गोळी

अहो,

आत्ताच दवाखान्यातून आले. पिशवीसुद्धा खांद्यावरून उतरवली नाही, आधी वही घेतली. हे तुमच्याशिवाय सांगू तरी कुणाला?

तुम्ही गेलात त्याला तीन महिने झाले. हे तीन महिने मी एकाच माणसावर संशय धरून बसले होते. तुमच्या बालाजीवर!

का धरू नये? तुमच्या युनिफॉर्मच्या खिशात अर्धी संपलेली गोळ्यांची स्ट्रिप सापडली. चाकणला जाताना कंपनीच्या बसमध्ये तुमच्या शेजारी कोण बसायचं? तोच. तुम्ही गुडघा चोळायला लागलात की तो खिशातून गोळी काढायचा म्हणे, तंबाखू द्यावी तशी! कंपनीत आठ तास प्रेस मशीनवर उभं राहायचं, दुखणारच. पण डॉक्टरला विचारायचं कुणी?

आणि तुमचा तो शनिवार! दिवसभर पोटात अन्नाचा कण नाही, नुसता चहा. वर म्हणायचात, "गोळी उपासाला चालते गं." कुणी सांगितलं होतं तुम्हाला?

दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "पोटात रक्तस्राव झालाय. पेनकिलर घ्यायचे का? संडासला डांबरासारखं काळं होत होतं का?" मी ठणकावून सांगितलं, असलं काही घेत नाहीत ते. काळं होतंय हे तुम्ही दोनच दिवस आधी बोलला होतात. उष्णता असेल म्हणून मी सोडून दिलं. मला ऊठसूट सगळ्यांचा संशय येतो, तेव्हाच कसा आला नाही?

तेराव्याला बालाजी जेवायला आला. मी ती स्ट्रिप सगळ्यांसमोर त्याच्या पुढ्यात टाकली. "ही कुणाची?"

"माझीच, वहिनी. पण मी दिवसाला एकच देत होतो हो, आईशप्पत!"

"एका गोळीनं माणूस मरतो का रे?" मी ओरडले. तो ताटावरून उठून गेला. तुमचे चुलतभाऊ, शेजारपाजारचे, कुणी त्याला थांबवलं नाही. आता बसमध्येही त्याच्याशेजारी कुणी बसत नाही, असं त्याची बायको भाजीवाल्याकडे भेटली तेव्हा म्हणाली. खरं सांगते, मला बरं वाटलं.

आज माझाच गुडघा सुजला म्हणून चिखलीच्या दवाखान्यात गेले. ती स्ट्रिप मुद्दाम बरोबर घेतली. हिनंच घात केला, असं मला डॉक्टरच्या तोंडून ऐकायचं होतं! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या गुडघ्याच्या गोळ्याही दाखवा. दोन्ही शेजारी ठेवून त्यांनी वाचलं.

"मावशी, या दोन्ही एकाच जातीच्या आहेत. नाव आणि रंग तेवढा वेगळा. दोन्ही एकदम घ्यायच्या नसतात, पोटात जखम होते. उपाशीपोटी तर नाहीच नाही. आणि तुम्हाला बीपी आहे, मग चार दिवसांपुरती दिलेली गोळी मला न विचारता रोज का घेताय? किडनीवर ताण येतो. कुणी दोन्ही घेत नव्हतं ना?"

दोन्ही गोळ्या पिशवीत टाकून मी तशीच उठले.

अहो, सकाळी तुमच्या चहाच्या बशीत माझी गोळी कोण ठेवायचं? मीच ना! मला गुण आला, तुम्हालाही येईल म्हणून. शनिवारीसुद्धा. उपासाला चालते म्हणायचात ती हीच. ती मला मागे गुडघ्यासाठी दवाखान्यातून मिळालेली, म्हणून ती औषध. पेनकिलर म्हणजे मेडिकलमधून परस्पर आणतात ती, असं धरून चालले मी.

तुम्ही त्याची गोळी मला सांगितली नाहीत आणि माझी त्याला. का हो? दोघांचीही मनं राखत होतात? रागच येतो तुमचा! आणि मी तरी कधी विचारलं, आणखी काही घेताय का म्हणून?

बालाजी खरं बोलत होता. तो एकच देत होता.

उद्या सकाळी त्याच्या घरी जाणार आहे. त्याच्या बायकोसमोर सांगेन. मग तेराव्याला जे जे पंगतीत होते, त्या प्रत्येकाच्या दारात जाईन आणि सांगेन, दुसरी गोळी माझ्या हातची होती. बालाजीनं दार लावून घेतलं तर बाहेर उभी राहून मोठ्यानं सांगेन. शब्द देते तुम्हाला.

तुमचीच,
सुरेखा