साडेचार सेंटीमीटर

३ डिसेंबर, बुधवार
श्रावणीचं ऑपरेशन झालं. डाव्या खांद्यात प्लेट घातली. दवाखान्यात जाऊन आले. तिचे वडील बाहेरच्या बाकावर, विणकामाचा माग बंद ठेवून आलेले. मला बघून उठून उभे राहिले. "मॅडम, पोरगीच घाईची हाय, लहानपणापासनं. तुमच्या गाडीला काय बी म्हनत न्हाय मी."
मी नुसती मान हलवली.
वर्षभर खपून कॉलेजच्या मुलांनी केलेली रेसिंगची गाडी. सोमवारी सरावात वळणावर उलटली. चालवत होती श्रावणी. कुठलं वळण किती वेगानं घ्यायचं, तो तक्ता माझा. गणिताची बाई म्हणून मुलं माझ्याकडे आली होती.

५ डिसेंबर, शुक्रवार
टीमचा कॅप्टन तुषार स्टाफरूममध्ये आला. गाडीतल्या यंत्रावरची नोंद आणली होती. उलटताना वेग ताशी छत्तीस. माझ्या तक्त्यात त्या वळणाला सदतीसपर्यंत मोकळीक.
"मॅडम, ती लिमिटमदीच होती की. मग पलटी कशी झाली?"
"बघते," म्हटलं.
बघायचं काय. बहुधा ठाऊक आहे. आज लिहवत नाही.

६ डिसेंबर
लिहिते.
वळणावर गाडी कधी उलटेल हे दोन गोष्टींवर. डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर, आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच. ही उंची काढायला ऑक्टोबरात धान्याच्या आडतीवरून चार वजनकाटे आणले, प्रत्येक चाकाखाली एक. मागची बाजू उचलायची, पुढच्या काट्यांवर किती भार वाढला ते वाचायचं, बाकी सगळं कागदावर. ड्रायव्हर आत बसलेला हवा. श्रावणीचं नेमकं त्या दिवशी प्रॅक्टिकल. तुषारनं मेसमधून ज्वारीचे दोन कट्टे, छोटी पोती, आणले.
"तिच्याएवढंच वजन हाय, मॅडम. आणि हे बडबड करत न्हाईत."
सगळे हसले. मीही. एक कट्टा सीटवर, एक पायाशी.
वजन तेवढंच, खरं. पण बसलेल्या माणसाचं वजन वर असतं. छाती, डोकं, त्यावर हेल्मेट. कट्टा खाली पसरतो. काटा वाचतानाच हे मनात आलं होतं. उद्या तिला बसवून पुन्हा मोजू, असंही आलं. काटे संध्याकाळी परत द्यायचे होते. पेपरांचा गठ्ठा घरी पडला होता. मुलं खूश होती...
सुरक्षिततेसाठी मर्यादेत थोडी जागा तरी ठेवायची. तीही नाही. आला तो आकडा लिहिला, खाली सही केली.

९ डिसेंबर, मंगळवार
चौकशीचा मसुदा आला. 'चालकाने वळण अतिवेगाने घेतल्यामुळे.' विभागप्रमुख म्हणाले, सही करून टाका. "मुलीला शिक्षा वगैरे काही नाही. ड्रायव्हर बदलू. फेब्रुवारीत स्पर्धा आहे."
मी छत्तीस-सदतीस सांगितलं.
"एक-दोन किलोमीटरनं काय होतंय, मॅडम?"
सही केली नाही. का करत नाही, तेही बोलले नाही. त्यांना वाटलं असेल, बाई आकड्यांच्या बाबतीत चिकट आहेत. किती सोपं होतं तेवढंच वाटू देणं.

११ डिसेंबर
माणूस सीटवर धरून सगळं पुन्हा मांडलं. गुरुत्वमध्य साडेचार सेंटीमीटर वर. मर्यादा सदतीस नाही, साडेपस्तीस. तीनदा केलं, साडेपस्तीसच.
मग कंपासमधली पट्टी घेऊन साडेचार सेंटीमीटर बघितले. बोटाची दोन पेरं.
तुषारला सांगितलं. "कट्टे मी आणलेले, मॅडम."
"आणलेस तू. चालतील असं मी म्हटलं."

१२ डिसेंबर, शुक्रवार
विभागप्रमुखांना पत्र दिलं. तक्ता चुकीचा, मोजमाप मी मान्य केलं, चालकाचा दोष नाही. सरांनी वाचून ड्रॉवरमध्ये ठेवलं. "बघू. लगेच कुणाला बोलू नका."
बारा वर्षं त्यांच्या हाताखाली आहे. न विचारता काही केल्याचं आठवत नाही.

१४ डिसेंबर, रविवार
शुक्रवार पेठेत श्रावणीच्या घरी गेले. हात गळ्यात बांधलेला, वेणी आईनं घातलेली असणार. वडीलही बसले होते. त्यांच्या देखतच सांगितलं, कट्ट्यांपासून सगळं.
"म्हणजे मी जोरात नव्हते?"
"नव्हतीस."
मग म्हणाली, "डोळे मिटले की तेच वळण येतंय, मॅडम. रोज जरा हळू घेते. तरी पलटी होते."
मग तिनंच विचारलं,
"कट्टे ठेवले तेव्हाच कळलं होतं तुम्हाला?"
इथे खोटं बोलता आलं असतं. कुणाला समजलं नसतं.
"हो," म्हटलं.
ती उठून आत गेली. दार लोटलं, आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.
वडील उपरण्याच्या टोकाशी चाळा करत बसले. मला वाटलं आता बोलतील, बोलावंच. पण त्यांनी विचारलं, "मग मॅडम, पोरगी परत बसनार का त्या गाडीत?"
"ते तिला विचारा. मी सांगणारी कोण."
त्यांनी घरच्या तेलुगूत आत हाक मारली. उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा मारली नाही. आम्ही दोघं त्या लोटलेल्या दाराकडे बघत बसून राहिलो.