चौथी भाडेकरू

३ फेब्रुवारी

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी खाली बस आणि मग वाच. मी तुझ्याकडे राहायला येत नाही. जुन्या शहरात एक भला मोठा फ्लॅट आहे, त्यातली एक खोली मी भाड्याने घेतली. इमारत दोनशे वर्षांची. सरकारी यादीत असल्यामुळे भिंतीत साधा खिळा ठोकायचा झाला तरी अर्ज करावा लागतो. खोल्या चार, भाडेकरू चार, स्वयंपाकघर नि बाथरूम सामाईक. आधीचे तिघे म्हणजे माझ्याच वयाचे एक घड्याळजी, बेकरीत पहाटपाळी करणारी मुलगी आणि नकाशे काढणारा एक अबोल तरुण.

गंमत म्हणजे माझी मुलाखत घरमालकानं नाही, या तिघांनी घेतली. बेकरीवालीनं विचारलं, घोरता का? मी म्हटलं, पस्तीस वर्षं वॉर्डात नर्स होते, धड झोपायला मिळालं असतं तर कळलं असतं! तिघं बाहेर जाऊन कुजबुजून आले आणि मला पास केलं. इतकी धाकधूक नर्सिंगच्या परीक्षेलाही झाली नव्हती.

रागावू नकोस. जावईबापूंना आशीर्वाद.
तुझी आई


९ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस म्हणे! दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. तुझ्यासाठी खोली रंगवली, पडदे शिवले, आणि तू परक्या माणसांकडून पास होऊन येतेस? बाबा गेल्यापासून इथे आमचा जीव खालीवर. सासूबाईंनी विचारलं, मायलेकींचं पटत नाही का? काय सांगू त्यांना? बाथरूममध्ये पाय घसरला तर कोण धावेल?

माझ्याकडे काय कमी पडलं असतं, तेवढं खरं सांग.

आणि तो नकाशे कसले काढतो? ह्यांना जाणून घ्यायचंय. बरं, मलाही.
तुझी बबडी


१७ फेब्रुवारी

चि. बबडीस,
अ. आ.

काहीच कमी पडलं नसतं, हीच तर अडचण. वडिलांच्या घरातून मी नर्सेस होस्टेलवर गेले, तिथून तुझ्या बाबांच्या घरी. सगळीकडे बरी राहिले. पण तुला कुठे राहायला आवडेल, असं मला कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. एका दुपारी या गल्लीतून जाताना ‘खोली देणे आहे’ अशी पाटी दिसली. मनात आलं, बघू तरी, मी एकटी कशी असते.

तो नदीच्या पुराचे नकाशे काढतो. मोठा पूर आला तर आमचा जिना तिसऱ्या पायरीपर्यंत बुडेल, असं त्यानं जेवता जेवता शांतपणे सांगितलं. घड्याळजींच्या खोलीत वीस घड्याळं आहेत आणि एकही बरोबर नाही. बरोबर झालं की गिऱ्हाईक घेऊन जातं. आणि बाथरूमची कडी बेकरीवालीनं मुद्दाम बदलून घेतली आहे. मी पडले तर दार बाहेरून उघडता येईल. झालं समाधान?

पडद्यांचं मात्र मनाला लागलं गं.
तुझी आई


२ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

काल सुखरूप पोचले. तिथे बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. मी तुला न्यायला आले होते. पर्समध्ये परतीची दोन तिकिटं होती.

जिना चढून तुमच्या दाराशी आले, तर आत कुणी बाई एका सर्जनची नक्कल करत होती. ऐन ऑपरेशनमध्ये त्यांचा चष्मा घसरतोय आणि ते सगळ्या नर्सेसवर खेकसतायत. इतकी हुबेहूब, की मला बाहेर उभ्या उभ्या हसू फुटलं. आत सगळे खिदळत होते, त्यात ती बाई सगळ्यात जास्त. मी बेल न वाजवता ऐकत राहिले. म्हटलं, चला, अशी मजेशीर बाई घरात आहे म्हणजे आईचा वेळ बरा जात असेल. तेवढ्यात नकाशेवाला कचरा टाकायला बाहेर आला, दार उघडलं, आणि स्वयंपाकघराच्या मधोमध हातात डाव धरून तू उभी होतीस.

चाळीस वर्षांत तुझं असं हसणं मी ऐकलं नव्हतं. मला ते ओळखूच आलं नाही. मला पाहिलंस मात्र, डाव खाली ठेवलास, चेहरा झटकन आईचा केलास आणि प्रवासात काही खाल्लंस का म्हणून विचारलंस. मग तिकिटांचा विषय काढायचा मला धीर झाला नाही. एक रद्द केलं.

माझ्यामुळे गोष्ट अर्धी राहिली. तो चष्मा शेवटी कुठे पडला? सगळं लिही. आणि मला माहीत नसलेल्या बाकीच्या गोष्टीही लिही.

लोभ आहेच, आता ओळखही वाढावी, ही विनंती.
तुझी बबडी