मानेवरचा चौकोन

१२ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझा खोकला कसा आहे? माझे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक.

काळी गाय आठ दिवसांपूर्वी गेली. आधी ताप, मग लघवी कोऱ्या कॉफीसारखी. तांबडीही आता चारा हुंगून मान फिरवते. तू दिलेली गाय मात्र धडधाकट, दोन्ही वेळा भरपूर दूध देते.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. गोचीडताप. मला वाटलं, आपला गवळी फवारणीचं औषध विकून नुसतं पाणी मारतो. तसं तोंडावर म्हटलं. तो म्हणाला, "बाई, वीस वर्षं तुमच्या गायींचे गोचीड वेचलेत. औषध विकणारा असतो तर आज तुम्ही माझ्याकडे कामाला असता!" मी हसले नाही. बादली पालथी घालून तो निघून गेला.

काल डॉक्टर म्हणाले, "भिंतीच्या भेगांत गोचीड आहेत, हवाही दमट आहे. पण रोग आला कुठून? या तापातून उठलेली गाय छान दिसते, रोग मात्र रक्तात राहतो. गोचीड तिला चावतात, मग त्यांची पिल्लं दुसरीला. नवी गाय काही दिवस वेगळी बांधली होती ना?"

मी म्हटलं, "हो."

नव्हती रे. वाटणीच्या भांडणानंतर अकरा वर्षांनी तू दारात आलास, हातात या गायीचं दावं. म्हणालास, "ताई, जुनं सोडून दे." लहानपणी आपण दोघं वासराच्या कानातले गोचीड काढून रॉकेलच्या डबीत टाकायचो, ते आठवलं. त्याच संध्याकाळी मी तिला काळीच्या शेजारी बांधलं. तिच्या मानेवर, आजारी गुराला शिरेतून औषध देताना डॉक्टर करतात तसा, केस भादरलेला चौकोन होता, मधे सुईची खूण. मी पाहिली. विचारलं असतं तर तू आल्या पावली परत फिरला असतास.

शाळेत सिस्टर म्हणायच्या, गप्प राहणं हेही खोटंच. तेव्हा वाटायचं, यांना काय कळतं संसारातलं!

गवळ्याला आता कुणी काम देत नाही. मीच चार घरी सांगितलं होतं. उद्या सकाळी त्या चारही घरी जाणार, मग त्याच्याकडे. माझी चूक मी सांगेन. पण तिला ताप येऊन गेलाय, हे तुला ठाऊक होतं का? गाय मला भेट दिलीस, की तुझ्या गोठ्यातून काढलीस? खरं लिही. वाईट असलं तरी मी सोसेन. न लिहिलंस, तर मला उत्तर मिळालं असं समजेन.

तुझ्यावर माया करणारी, आणि तरीही संशय घेणारी,
ताई