डावी बाजू

ती. आई,
सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही पुन्हा विचारलंत, "आमचा अद्वय कधी सिग्नलसुद्धा तोडायचा नाही, मग असं झालंच कसं?" मी नेहमीसारखं सगळं ट्रकवाल्यावर ढकललं. पण त्याची चूक नव्हती, आई.

सार्डिनिया बेटावर वाहनं उजव्या बाजूने चालतात. सुरुवातीला आम्ही एकमेकांना सारखी आठवण करून देत सायकली चालवल्या. मग एका उतारावर अचानक समुद्र दिसला. "स्वप्ना, पाण्याचा रंग बघ!" असं ओरडत अद्वय भान विसरून डावीकडे गेला आणि वळणावर समोरून ट्रक आला.

तुम्ही कॅरियर धरून मागे धावत त्याला सायकल शिकवलीत. "डावी बाजू सोडायची नाही," हे तुमचं वाक्य तो कौतुकाने सांगायचा. इथे जपानमध्येही वाहनं डावीकडूनच चालतात, त्यामुळे तेच चालून गेलं.

म्हणून हे पत्र मी टाकणार नाही.

आता ऋचा इथे त्सुकुबात सायकल चालवते. बाबाने शिकवलं तसं प्रत्येक कोपऱ्यावर स्वतःलाच बजावते, "हिदारी, हिदारी." डावीकडे, डावीकडे.

मी मागून "शाब्बास" म्हणते. तुम्हीही तेव्हा हेच म्हणाला असाल ना?

तुमची सून,
स्वप्ना